साळवे मिस्त्रींचा ब्रेक

काम संपलं तरी साळवे मिस्त्री ‘झालं’ असं कधी म्हणाले नाहीत. हातातली कानस फळीवर ठेवायचे, धोतराच्या सोग्याला बोटं पुसायचे आणि म्हणायचे, “चला, आता उताराला विचारू.”

उतार म्हणजे नाशिकच्या मालेगाव स्टँडवरून खाली नदीकडे जाणारा रस्ता. त्याच्या वरच्या अंगाला एका पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्रींचं दुकान होतं. एक भाता, एक ऐरण, लोखंड पकडायचा एक व्हाइस, भिंतीला ओळीने टांगलेल्या पंधरा-वीस कानशी आणि बसायला एक लाकडी खोकं. पाटी नव्हती. ज्या सायकलचा ब्रेक त्यांनी केला, ती मालकाच्या हातात देण्याआधी ते स्वतः तिच्यावर टांग मारत. धोतर खोचलेलं, टोपी घट्ट बसवलेली, पाय पॅडलवर नुसते टेकलेले. सायकल सुटायची. निम्म्या उतारावर एक कडुनिंब होता, तिथे ते ब्रेक दाबत. त्याच्या खाली रसवंतीसमोर विजेचा खांब होता, तिथे चाक थांबायला हवं. खांबाच्या पुढे गेलं तर काम अपुरं.

रसवंतीवाला चरकात ऊस सारता सारता म्हणायचा, “चार पावलं पुढं गेली मिस्त्री. मोजली मी.”

“तू तुझा रस मोज,” मिस्त्री म्हणायचे. “त्यात बर्फाचं पाणी किती ते आम्ही मोजतो का?”

आणि सायकल हातात धरून पुन्हा चढ चढायला लागायचे. कारण पहिल्या फेरीला त्यांचा ब्रेक खांब ओलांडून चार-पाच पावलं पुढे जायचाच. ती चूक नव्हती, ती त्यांची रीत होती. ते प्रत्येक भाग केसभर जाड ठेवत. त्यामुळे तो जागेवर घट्ट बसे, जड फिरे, ब्रेक उशिरा लागे. मग वर येऊन ते तो भाग सोडवत, जिथे घासल्याची चकाकी आली असेल तिथे कानशीचे दोन हात मारत आणि परत खाली जात. दुसऱ्या फेरीला चाक बरोब्बर खांबाशी. मी एकदा विचारलं, आधीच नेमकं का करत नाही? म्हणाले, “काढलेलं लोखंड परत लावता येत नाय. कुठं काढायचं ते उतारच सांगतो. आपण घाई करून त्याच्या आधी बोलायचं नाय.”

त्यांच्याकडे यायच्या त्या जुन्या विलायती सायकली. देवळालीच्या छावणीतले साहेब गेले आणि सायकली इथेच राहिल्या. कोणी पारशी बुवाने घेतल्या, त्याच्याकडून कोणा मास्तरने, कोणा पोस्टमनने. ह्या सायकलींच्या ब्रेकला तार नसते, सगळ्या दांड्या असतात. हँडलखालची मूठ दाबली की दांडी वर ओढली जाते आणि रबराचे गुटके चाकाच्या रिमला खालून आवळतात. मागच्या चाकापर्यंत ही ओढ पोचवायची तर दांडीला वळणं घ्यावी लागतात. त्या वळणांवर बोटभर लांबीचा एक वाकडा तुकडा असतो, कोपरासारखा. मिस्त्री त्याला कोपरच म्हणत. तुटतं ते नेमकं हे कोपर. बाहेरून माल यायचा बंद झालेला, आणि आपल्याकडच्या सायकलीचं कोपर त्याला बसत नाही, आटे वेगळे, माप वेगळं. सगळ्या नाशकात ते हाताने घडवणारा एकच माणूस होता. ट्रकच्या स्प्रिंगचा मोडका पाटा तापवून, ठोकून, भोक पाडून, मग दोन-दोन दिवस कानशीने घासून.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. आणीबाणी नुकतीच उठली होती. दोन वर्षं मुक्या राहिलेल्या भिंतींना आम्ही एका महिन्यात बोलकं करून सोडलं होतं. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. शाळेतल्या पुस्तकाच्या आधी मी पत्रकं वाचली, आणि कॉलेजात गेल्यावर लिहायला लागले. आमच्या वस्तीतल्या तरुण मंडळाची पत्रकं मीच लिहायची. त्यातलं एक मिस्त्रींच्या शेडवर लावलं होतं, ते दुसऱ्या दिवशी गायब झालं. मी जाब विचारायला गेले. आपल्याच समाजाचा माणूस, पंचशील म्हणणारा, आणि आपलं पत्रक फाडतो?

त्यांनी फळीखालून घडी काढून माझ्या हातात दिली. पत्रक कुठेही फाटलं नव्हतं, खळ भिजवून अलगद सोडवलं होतं.

“तुमचं म्हणणं बरोबर हाय,” ते म्हणाले. “पण उजेडाच्या जागी चिकटवलंत. तिथनं उजेड आला तरच मला कोपराचं भोक दिसतं.” मग चष्मा वर सारून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तू लिहितीस? पोर हायेस की. दुसऱ्या परिच्छेदात फार तापलीस.”

“तापायलाच हवं,” मी म्हणाले.

“ताप की. पण लाल असतं तवर लोखंड मऊ असतं, पोरी. वाकवशील तसं वाकतं. तेलात बुडवल्यावर कडक होतं. आणि नुसतं कडक बी उपयोगाचं नाय, काचंसारखं फुटतं. ते परत हळू तापवावं लागतं, जरा पिवळं पडंस्तवर. मग ते माणसाचं वजन धरतं.”

त्या दिवसापासून मी त्यांची पत्रकबाई झाले. प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी मी त्यांच्या खोक्यावर बसून वाचून दाखवायची. ते काम थांबवत नसत. कानशीचा आवाज चालू असायचा. एखाद्या वाक्याला तो थांबला की मला कळायचं, इथे काहीतरी आहे. कधी म्हणत, “हे खरं हाय का, का नुसतं चांगलं वाटतं?” त्या प्रश्नाने माझी किती वाक्यं मेली असतील. मला तेव्हा राग यायचा. पत्रक म्हणजे शाळेची वही नाही, असं मी त्यांना ऐकवायची. ते म्हणत, “ब्रेक पण शाळेची वही नाय.”

सायकलला घंटी बसवून द्या म्हणणाऱ्याला ते दुसऱ्या दुकानात पाठवत. “घंटी वाजवणारा दुसऱ्याला थांबवतो. ज्याला स्वतःला थांबायचं त्यानं माझ्याकडं यावं.”

पंचवटीतले एक गृहस्थ त्यांच्याकडे सायकल द्यायचे. काम चोख म्हणून द्यायचे, पण परत घेताना पिशवीतून ओलं फडकं काढून हँडल आणि सीट पुसायचे. मी एकदा समोरच होते. माझं डोकं फिरलं. मिस्त्री मात्र सायकल धरून शांत उभे. त्यांचं पुसून झाल्यावर म्हणाले, “ब्रेकची मूठ राहिली. तिथंच माझा हात जास्त लागलाय.” गृहस्थांनी मूठही पुसली. तेव्हा मिस्त्री म्हणाले, “आतली कोपरं, दांड्या, पिना, सगळं माझ्या हातचंय. तेवढं पुसलं की मग ब्रेक लागायचा नाय. बघा काय करता.” गृहस्थ फडकं पिशवीत टाकून निघून गेले. मी त्यावर पत्रक लिहिते म्हटलं, नावानिशी. मिस्त्री म्हणाले, “नको. रोज उतारावर त्याला ती मूठ दाबायचीय. रोज आठवंल. तुझं पत्रक एक दिवस राहील.”

पुढल्या वेळी ते गृहस्थ आले तेव्हा फडकं आणलं नव्हतं. मिस्त्रींनी त्याचा उल्लेखसुद्धा केला नाही. मी असते तर केला असता.

आणखी एक प्रसंग सांगते. कॉलेज रोडच्या एका बंगलेवाल्याने आजोबांची सायकल आणली. रंग नवा, दांड्यांना चकचकीत मुलामा. ती दिवाणखान्यात उभी करायची होती. मागच्या ब्रेकचं कोपर नव्हतं, तिथे तसा दिसणारा कसलाही तुकडा लावून द्या म्हणाला.

“दिसायचा ब्रेक मी करत नाय.”

“अहो, घरात ठेवणार आहे. दिवाणखान्यात उतार कुठून येणार?”

“उतार येणार नाय. पण माणसं येतील ना? कोण कवा बाहेर काढंल आणि टांग टाकंल, तुम्ही असाल का तिथं सांगायला, की बाबा, हे खोटं हाय?”

तो माणूस हसला आणि दुप्पट देतो म्हणाला. मिस्त्रींनी सायकल उचलून रस्त्यावर ठेवली. जोरात नाही, अगदी बाळाला ठेवावं तशी. सायकलशी त्यांचं भांडण नव्हतं.

ऐंशी साल उलटलं आणि मिस्त्रींचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं. बशी वाजायची. मग ते कप फळीवर ठेवूनच वाकून पिऊ लागले. कानस धरली की कंप थांबायचा, म्हणून ते दिवसभर कानस धरून ठेवायचे, काम नसलं तरी. नव्या सायकली तारेच्या ब्रेकच्या येत होत्या, लुना आली होती, काम तसंही घटलं होतं. त्यांचा मुलगा सरकारी कचेरीत क्लार्क. इंदिरानगरला त्याने घर घेतलं होतं. तो दर रविवारी यायचा आणि म्हणायचा, “नाना, आता पुरे.” नाना म्हणायचे, “पुरे का नाय ते मला कळंल. कळल्यावर मी एक दिवस बी बसणार नाय.”

त्याच वर्षी आमचे केरूबाबा गेले. छापखान्यातले कामगार. वीस वर्षं त्यांनी सायकलवरून गावोगावी पत्रकं पोचवली होती. नाशिक, चांदोरी, निफाड, लासलगाव. पगारी सुट्टीचा दिवस आला की बाबा निघाले. त्यांची सायकल तसलीच विलायती, आणि मागचं कोपर कधीच तुटलेलं. तिथे तार गुंडाळून, पुढच्या टायरवर चप्पल घासून ते थांबायचे. त्यांच्या पत्नीने, भागाबाईंनी, सायकल मंडळाला दिली. आम्ही ठरवलं, बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनी आळीपाळीने हीच सायकल चालवत लासलगावपर्यंत जायचं, वाटेत प्रत्येक गावात पत्रक वाटायचं. सायकल मिस्त्रींकडे गेली.

त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. गुंडाळलेली तार सोडवून हातात घेतली, बराच वेळ.

“असा हिंडत व्हता केरू?” ते म्हणाले. “मला एका शब्दानं बोलला नाय. आणि मीबी कधी खाली वाकून बघितलं नाय.”

पहिलं कोपर त्यांनी स्वतःच टाकून दिलं. भोक तिरपं गेलं होतं. दुसरं तेलात बुडवताना तडकलं. तिसऱ्याचं मला माहीत नाही, मी गेले तेव्हा ते भंगाराच्या डब्यात होतं. चौथं. पाचवं. स्मृतिदिन दहा दिवसांवर आला, मग आठवड्यावर. मी रोज जायची. ते माझ्याकडे बघत नसत. डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरून ते कानस ओढत. एके दिवशी म्हणाले, “हे सहावं. हे केरूचं बी हाय आणि माझं बी. हे उतारावर बसलं तर हात हाय. नाय बसलं तर नाय. मग दुकानाची चावी पोराकडं देणार.”

हे त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

सहावं कोपर पूर्ण झालं तेव्हा स्मृतिदिनाला तीन दिवस होते. त्यांनी ते तेलाच्या डबीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी बसवून उतारावर न्यायचं होतं. मी ते डबीतून काढून बघितलं. मला त्यातलं काय कळणार होतं? पण कडा मला ओबडधोबड वाटल्या, आणि डोळ्यांसमोर तो हात होता. हे खांबाच्या पुढे वीस पावलं जाणार, असं मीच ठरवून टाकलं. रसवंतीवाला मोजणार, माणसं हसणार, म्हातारा संपणार. आणि आमची सायकल उभी राहणार.

मंडळातला अशोक सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. सोन्यासारखा कारागीर. दुसऱ्या बाजूच्या कोपराचं माप घेऊन त्याने मशीनवर एक कोपर काढून दिलं, मिस्त्रींच्या कामासारखं दिसावं म्हणून काजळी लावून, तेलात बुडवून. दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री भाकरी खायला मागे बसले असताना मी डबीत अशोकचं कोपर ठेवलं आणि त्यांचं उचललं. ते अशोकला दिलं. मी ह्याला फसवणूक म्हटलं नाही. माया म्हटलं. एका म्हाताऱ्या कामगाराचा मान राखणं म्हटलं. आम्हा लिहिणाऱ्यांकडे शब्दांची कमतरता कधीच नसते.

संध्याकाळी, मावळत्या उजेडात, मिस्त्रींनी डबीतलं कोपर तेलासकट बसवलं आणि सायकल बाहेर काढली. टोपी बसवली. बाहेर आठ-दहा माणसं जमली होती. भागाबाईही आल्या होत्या. सायकल सुटली, निंबाशी मूठ दाबली गेली, आणि चाक खांबाशी थांबलं. एक बोट पुढे नाही, मागे नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रसवंतीवाला चरक सोडून पुढे आला. “पहिल्याच फेरीत, मिस्त्री! असं कधी नव्हतं झालं.”

मिस्त्री खांबाशी उभे होते. एक पाय जमिनीवर, दोन्ही हात मुठीवर. वरून मला त्यांची पाठ दिसत होती. ते बराच वेळ वळलेच नाहीत. मला वाटलं, आनंदाने भरून आलं असेल.

चढ चढून आले तेव्हा त्यांनी सायकल उलटी करून कोपरावर अंगठा फिरवला. एकदाच. मग भागाबाईंना म्हणाले, “वहिनी, ब्रेक चांगला हाय. बेशक घेऊन जा.” माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी छापलेल्या पत्रकाची प्रत घेऊन गेले. फक्त ह्याच वेळी छापण्याआधी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. पत्रकात केरूबाबांबद्दल होतं, आणि खाली ठळक खिळ्यात दोन वाक्यं होती: ‘या सायकलचा ब्रेक साळवे मिस्त्रींच्या हातचा आहे. कष्टकऱ्याचा हा हात अजून थकलेला नाही.’

भाता थंड होता. ते खोक्यावर बसले होते. त्यांनी पत्रक हातात घेतलं, कागद थरथरत होता म्हणून फळीवर पसरलं आणि एकेक शब्द लावत वाचलं.

“पत्रकबाई, ह्यातलं पहिलं वाक्य खोटं हाय.”

मी कागद उचलायला गेले, त्यांनी तो दाबून धरला.

“माझं काम पहिल्या फेरीला बसत नाय. चाळीस वर्षांत बसलं नाय. कुणी केलं हे?”

मी सांगितलं.

“पोरगं हुशार हाय,” ते म्हणाले. “भोक आरशासारखं मारलंय. त्याचं नाव का नाय घातलं मग?”

“मामा, तुमच्या मानासाठी…”

“मान माझ्याजवळ व्हता. हातात व्हता. तो तू दुसऱ्याच्या मशीनवर कापून आणलास.” आवाज चढला नव्हता. “माझं कोपर कुठंय?”

मी तडक सातपूरला गेले. अशोक ड्यूटीवर होता. त्याने ते आदल्याच दिवशी कारखान्यातल्या भंगारात टाकलं होतं आणि भंगाराची गाडी सकाळीच गेली होती. मी परत येऊन तसं सांगितलं. तेव्हा मिस्त्रींनी पत्रकातल्या दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं.

“हे दुसरं,” ते म्हणाले, “हे खरं का खोटं, ते आता कोण सांगणार? तुला वाटलं मी पडीन. पडलो असतो. काय झालं असतं? हात संपला म्हणालो असतो, चावी दिली असती, निवांत झोपलो असतो. पण बसलं असतं तर? तेवढंच मला कळायचं व्हतं, पोरी. दुसरं काय मागत नव्हतो.”

“सातवं करा,” मी म्हणाले. “मी थांबते. आम्ही दुसरी सायकल नेतो.”

“सहाव्यात जेवढं व्हतं तेवढं घातलं,” ते म्हणाले. मग पत्रक माझ्याकडे सारलं. “एवढं कर. पहिलं वाक्य खोडून त्या पोराचं नाव घाल. हातानं घाल. हजार असंनात.”

मी घातलं नाही. हे मला इथे लिहायलाच हवं, नाहीतर हा सगळा मजकूर आणखी एक पत्रक होईल. मंडळात मी विषय काढला. कोणी म्हणालं, आता हजार प्रती खोडत बसायचं? कोणी म्हणालं, लोकांना प्रेरणा मिळते, एका वाक्याने काय बिघडतं? अशोक स्वतः म्हणाला, मला नाव नको. आणि मी, जी मंत्र्यांच्या भाषणातलं एकेक खोटं लाल शाईने अधोरेखित करायची, ती गप्प बसले. केरूबाबांचं काम मोठं आहे, असं मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. निफाडपर्यंत द्राक्षाच्या बागा दोन्हीकडे, प्रत्येक गावात माणसं थांबून सायकलला हात लावत होती. लासलगावात कांद्याच्या ट्रॅक्टरवर चढून मी भाषण केलं. ती दोन वाक्यं मी मोठ्याने वाचली. टाळ्या पडल्या.

परत आलो तेव्हा शेडला कुलूप होतं. भाता, ऐरण मुलाने विकली. कानशी मिस्त्रींनी कोणालाच दिल्या नाहीत असं रसवंतीवाल्याकडून कळलं. “जाताना माझ्याकडं रस प्याले,” तो म्हणाला. “पहिल्यांदाच.”

मी त्यांच्याकडे गेले नाही. एक वर्ष, दोन वर्षं. ह्या काळात मी बरंच लिहिलं, माझं नाव थोडंफार झालं. नाना आजारी आहेत असा निरोप भागाबाईंकडून आला तेव्हा मात्र मी इंदिरानगरला गेले. सकाळचे दहा वाजले असतील. नवी घरं, नवी झाडं, सगळा सपाट भाग. फाटकाशी त्यांची सून उभी होती आणि तिच्यापुढे पागोटं बांधलेला एक शेतकरी, हातात जुनी सायकल.

सून मला हळूच म्हणाली, “महिन्यात दोन-तीन तरी येतात असे. निफाडकडून, लासलगावकडून. कुठल्या पत्रकात नाव आलंय म्हणे नानांचं. मी म्हणते, आजारी आहेत सांगून वाटेला लावावं. पण नाना ऐकत नाहीत. प्रत्येकासमोर उठून येतात.”

मिस्त्री भिंत धरत बाहेर आले. खूप बारीक झाले होते. उजवा हात आता सारखाच हलत होता. मला त्यांनी ओळखलं, मान हलवली, आणि आधी त्या माणसाकडे वळले.

“मिस्त्री तुम्हीच ना?” तो म्हणाला. त्याने खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं. घड्यांवर झिजून त्याची भोकं पडली होती. “लय लांबून आलो. ह्याच्यात लिवलंय, तुमच्या हातचा बिरेक.”

“ते मी केलं नाय, दादा.”

“पण छापलंय की.”

“छापलंय. पण ते मी केलं नाय. सातपूरला अशोक म्हणून पोरगं हाय, त्यानं केलं. त्याच्याकडं जावा. चांगलं काम करतो.” मग त्यांनी मला विचारलं, “पेन हाय का तुझ्याजवळ? पत्ता लिहून दे त्यांना. त्याच कागदाच्या मागं लिही. आणि कुणी केलं ते बी लिही.”

फाटकाच्या खांबावर कागद टेकवून मी लिहिलं. हा ब्रेक अशोकने केला, साळवे मिस्त्रींनी नाही. खाली अशोकचा पत्ता. मिस्त्रींनी कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा सुनेच्या हातात देऊन तिच्याकडून वाचून घेतला. मग तो त्या माणसाला दिला.

त्याचं समाधान झालं नव्हतं. “म्हणजे तुम्हाला हे काम येतच नाय व्हय?” त्याने सरळ विचारलं. टोमणा नव्हता त्यात.

मिस्त्रींनी त्याच्या सायकलच्या ब्रेकची मूठ एकदा दाबून सोडली.

“येत व्हतं,” ते म्हणाले. “कुठवर येत व्हतं, ते मला ठाऊक नाय.”

तो माणूस सायकल हातात धरून निघाला. मिस्त्री फाटकाला धरून त्याच्याकडे बघत उभे राहिले. सून त्यांच्या खांद्याला हात लावून आत चला म्हणत होती. मी चार शब्द जुळवत होते, वाटेत रिक्षात पाठ केलेले. पण ते वळले आणि भिंत धरत एकेक पाऊल टाकत आत गेले. मला ये म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत.